दुसरा डोळा जुळत का नाही?

वाचकांचे प्रश्न : या वेळी चेहऱ्याची मापे आणि डोळे

बडोद्याच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांत या वेळी एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत आली आहे. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिले आहे. ते वाचल्यावर पुढची बरीचशी उत्तरे थोडक्यात भागतील.

समोरून चेहरा काढताना माझा एक डोळा छान येतो, त्याला तासभर देते. दुसरा काढायला घेतला की तो कधी वर जातो, कधी मोठा होतो, कधी तिरळा दिसतो. खोडून खोडून कागदाचा पार भुगा होतो. काय चुकते? – एक वाचक, दांडिया बाजार

चूक दुसऱ्या डोळ्यात शोधू नका. ती तासभर आधीच झालेली असते, पहिला डोळा पापण्यांच्या केसांसकट पुरा केलात तेव्हा. एक डोळा पक्का झाला की तो चुकीच्या जागी असला तरी खोडायला हात धजत नाही. मग दुसरा डोळा त्याच्याशी जुळवायचा, नाक त्या दोघांशी जुळवायचे, आणि शेवटी चेहऱ्याची कड त्या सगळ्याभोवती कशीतरी ओढायची, असे होत जाते. शिवाय मनगट एका दिशेची कमान सहज काढते, उलट दिशेची काढताना अडखळते. दोन्ही डोळे आरशातल्यासारखे उलटसुलट असल्यामुळे एकाची रेघ सोपी आणि दुसऱ्याची अवघड जाणारच. उपाय एकच: दोन्ही डोळे एकाच वेळी वाढवायचे. डावीकडे एक रेघ, लगेच उजवीकडे तिची जोडीदार.

प्रत्यक्ष मापे घेऊन करून बघा. ए-४ आकाराचा कार्ट्रिज कागद, एचबी आणि २बी पेन्सिल, पट्टी, आणि शक्यतो मळता येणारा मऊ खोडरबर एवढे पुरे. पेन्सिलीचा भार इतका हलका ठेवा की हातभर अंतरावरून रेघ जेमतेम दिसावी. डोक्याची उंची १५ सेंमी आणि रुंदी १० सेंमी धरा. उंची मोजायची ती टाळूपासून हनुवटीपर्यंत, केसांचा फुगवटा सोडून. मधोमध उभा अक्ष ओढा. वरून ७.५ सेंमीवर आडवी रेघ घ्या, ती डोळ्यांची. होय, बरोबर अर्ध्यावर. नवशिक्यांचे डोळे जवळजवळ नेहमी वर जातात, कारण आपले लक्ष डोळे-नाक-तोंड या पट्ट्यावर असते आणि कपाळ व केसांखालची कवटी आपण मनातल्या मनात आखडून टाकतो. चित्रातली व्यक्ती चपट्या डोक्याची दिसत असेल तर आधी हे माप तपासा.

आता रुंदीचे पाच सारखे भाग करा, प्रत्येकी २ सेंमी. दुसऱ्या आणि चौथ्या भागात डोळे येतात आणि मधला भाग मोकळा राहतो, म्हणजे दोन डोळ्यांमध्ये एक डोळा मावेल एवढी जागा. अक्षापासून दोन्ही बाजूंना १ सेंमीवर आतले कोपरे आणि ३ सेंमीवर बाहेरचे कोपरे, असे चार ठिपके द्या. बाहेरचा ठिपका आतल्यापेक्षा केसभर वर ठेवा, बहुतेक चेहऱ्यांत तो तसा असतो. तो खाली गेला तर चेहरा थकलेला दिसतो.

चार ठिपके झाले की पापणी नाही, बुबुळ काढायचे. मोठ्या माणसाचे बुबुळ साधारण १२ मिमी रुंद असते आणि डोळ्याची फट सुमारे ३० मिमी, म्हणजे डोळ्याच्या रुंदीच्या पाच भागांतले दोन भाग बुबुळाचे. आपल्या मापात अक्षापासून २ सेंमीवर केंद्र धरून ०.८ सेंमी व्यासाची दोन वर्तुळे येतील. पूर्ण वर्तुळ काढा, जो भाग पापणीखाली झाकला जाणार तोसुद्धा. अर्धवट बुबुळ काढले की ते हमखास अंडाकृती होते.

मग पापण्या, पण वळणदार रेघेने नाही. वरची पापणी तीन सरळ तुकड्यांत बसवा: आतल्या कोपऱ्यातून आखूड, उभट चढ, बुबुळाच्या वर जवळजवळ सपाट तुकडा, आणि तिथून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत लांब उतार. खालच्या पापणीचा क्रम नेमका उलटा: आतून लांब, मंद उतार, मग जवळजवळ सपाट तुकडा, आणि बाहेर आखूड चढ. म्हणून वरच्या पापणीचा सर्वांत उंच बिंदू थोडा नाकाकडे असतो आणि खालच्या पापणीचा सर्वांत खोल बिंदू बाहेरच्या बाजूला. हे तिरके नाते हुकले की डोळा बदामाच्या छापासारखा होतो, आणि मग दोन्ही डोळे कितीही सारखे असले तरी चिकटवल्यासारखे दिसतात. एक तुकडा डावीकडे, तोच तुकडा उजवीकडे, असे सहाच्या सहा जोड्यांनी करा. कोन पक्के झाल्यावरच कडा गोलावायच्या.

जुळले की नाही हे रेघा बघून कळत नाही. बुबुळाच्या दोन्ही बाजूंना जे पांढरे त्रिकोण उरतात ते बघा. डाव्या डोळ्यातला नाकाकडचा त्रिकोण आणि उजव्यातला नाकाकडचा त्रिकोण मोठे-छोटे असतील तर नजर तिरळी दिसणारच, मग पापण्या कितीही सुबक असोत. इथपर्यंत वीसेक मिनिटे लागावीत. पापण्यांचे केस, बाहुलीचा काळा रंग, छटा यांतले काहीही नाक-तोंड जागेवर बसेपर्यंत करू नका.

डोळे अर्ध्यावर, हे समजले. नाक, तोंड, कान यांची मापे एकदा नीट सांगाल का? आणि ही मापे आपल्या माणसांच्या चेहऱ्यांना लागू पडतात का? – एक वाचक, मांजलपूर

वरच्याच १५ सेंमीच्या डोक्यात टाळूपासून मोजा: केसांची कड साधारण २.१ सेंमीवर, भुवई ६.४ वर, नाकाचा तळ १०.७ वर, हनुवटी १५ वर. केसांपासून भुवई, भुवईपासून नाकाचा तळ आणि तिथून हनुवटी हे तिन्ही टप्पे सारखे, प्रत्येकी ४.३ सेंमी. ओठांमधली फट शेवटच्या टप्प्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्शावर, म्हणजे १२.१ सेंमीच्या आसपास. नाकपुड्यांची रुंदी डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधल्या अंतराइतकी. जिवणीचे कोपरे बुबुळांच्या आतल्या कडांपासून सरळ खाली येतात, आपल्या मापात जिवणी सुमारे ३.२ सेंमी. कान भुवईच्या आणि नाकाच्या तळाच्या रेघांमध्ये.

टक्कल असलेल्या किंवा कपाळ मोठे असलेल्या माणसाची केसांची कड अर्थात वर सरकते. म्हणून पहिला टप्पा कच्चा धरा, खालचे दोन पक्के.

हे तीन टप्पे परके मुळीच नाहीत. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्र या चित्रकलेवरच्या भागात चेहरा १२ अंगुळांचा धरून कपाळ, नाक आणि हनुवटीकडचा भाग यांना चार-चार अंगुळे दिली आहेत. त्याच ग्रंथात डोळ्यांचे आकारही सांगितले आहेत: धनुष्यासारखा, माशाच्या पोटासारखा, कमळाच्या पाकळीसारखा. लिओनार्डोने १४९० च्या सुमारास मानवी प्रमाणांची जी टिपणे केली त्यांतही चेहऱ्याचे हेच तीन भाग येतात. म्हणजे माणूस कुठलाही असो, आरंभाची चौकट हीच.

पण ती चौकट म्हणजे चेहरा नव्हे. समोरच्या माणसाचे नाक टप्प्यापेक्षा किती लांब, डोळे एका डोळ्यापेक्षा किती जवळ, हे फरक मोजायला चौकट लागते, आणि ओळख त्या फरकांतच असते. आधी चौकट आखा, मग पेन्सिल हात ताठ करून धरा, एक डोळा मिटा, नखाने डोळ्याची रुंदी पेन्सिलीवर पकडा आणि तीच रुंदी दोन डोळ्यांमध्ये, नाकावर, कपाळावर किती वेळा बसते ते पाहा. हात कोपरात वाकला की माप बदलते, हे विसरू नका.

रात्री चित्र बरोबर वाटते. सकाळी पाहावे तर चेहरा एका बाजूला कललेला आणि कपाळ लांबलचक! – एक वाचक, कारेलीबाग

तुम्ही कागद टेबलावर आडवा ठेवून काढत असणार. आडव्या कागदाची वरची कड डोळ्यापासून लांब असते, त्यामुळे तिथले अंतर आपल्याला आखूड भासते आणि हात ते भरून काढायला ताणतो. कागद भिंतीला उभा केला की तो ताण उघडा पडतो. ड्रॉइंग बोर्डाखाली जाड पुस्तके ठेवून तो निदान ४५ अंशांवर उभा करा, आणि नजर कागदाच्या मध्यावर काटकोनात पडेल असे बसा. कागद हातासाठी तिरका फिरवायची सवय असेल तर मापे बसवेपर्यंत तरी ती आवरा. बऱ्याचदा चेहऱ्याचा कल तिथूनच येतो.

दर दहा मिनिटांनी चित्र आरशात बघा. आपल्या डोळ्याला स्वतःच्या चुकीची सवय लवकर होते. आरशात चित्र उलटे झाले की ती सवय मोडते आणि वर गेलेला डोळा ताबडतोब खुपतो. आरसा नसेल तर कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरा, किंवा चित्रच डोके खाली येईल असे फिरवून पाहा. आणखी एक पडताळा: सुतळीला नट बांधून ओळंबा करा आणि चित्रातल्या अक्षावर धरा.

ट्रेसिंग कागदावर दोन्ही डोळे उतरवून तो अक्षावर दुमडला तर किती मिमीची चूक आहे तेही कळते. मात्र जिवंत माणसाच्या चित्रात शून्य फरक आणायला जाऊ नका. प्रत्येकाची एक भुवई थोडी वर असते, एक पापणी थोडी जड असते. अर्धा चेहरा गिरवून दुसरीकडे उलटा छापला तर तो माणूस त्याच्या घरच्यांनाही अनोळखी वाटतो. आधी काटेकोर सारखे बसवा, नंतर खरा फरक पाहून मुद्दाम हलवा.

मोबाइलवरच्या सेल्फीवरून चित्र काढले तर चालेल ना? – एक वाचक, फतेहगंज

सेल्फी टाळा. हातभर अंतरावरून घेतलेल्या फोटोत नाक फुगते आणि कान मागे जातात. मग वरची कुठलीच मापे जुळत नाहीत आणि दोष मापांना येतो. दुसऱ्याला दीड-दोन मीटर लांब उभे करा, फोन डोळ्यांच्या उंचीवर धरायला सांगा आणि झूम करून फोटो घ्या. उजेड एका बाजूच्या खिडकीचा असावा, फ्लॅश नको.

डोळे जुळतात, पण नजर दचकलेली येते. कधी नुसती काचेची. – एक वाचक, रावपुरा

दचकलेली नजर म्हणजे बुबुळाचे पूर्ण वर्तुळ दिसते आहे. शांत डोळ्यात वरची पापणी बुबुळाचा माथा झाकते (आपल्या मापात साधारण १ मिमी) आणि खालची पापणी बुबुळाला नुसती टेकते.

काचेची नजर येते ती पांढरा भाग कोरा सोडल्यामुळे. नेत्रगोल हा गोल आहे, तो कडांकडे काळवंडतो, आणि वरच्या पापणीची सावली त्याच्यावर आणि बुबुळाच्या वरच्या भागावर पडते. ती सावली २बीने हलकी भरली की डोळा खोबणीत बसतो. खालच्या पापणीला जाडी असते, बुबुळ आणि पापण्यांचे केस यांच्यामध्ये एक बारीक, ओलसर, उजळ पट्टी दिसते. ती ठेवा आणि केस तिच्या बाहेरच्या कडेवरून काढा. केस थेट डोळ्याच्या पांढऱ्यातून उगवलेले दाखवणे ही फार सार्वत्रिक चूक आहे.

चमकेचा ठिपका दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला येतो, कारण उजेड एकाच खिडकीतून येतो. इथे मात्र आरशासारखी जोडी करायची नाही. डाव्या डोळ्यात दहाच्या काट्यावर असेल तर उजव्यातही दहाच्याच. राजा रविवर्म्यांनी काढलेली गायकवाड घराण्यातली व्यक्तिचित्रे महाराजा फतेहसिंह संग्रहालयात आपल्या गावातच आहेत. तिथे जाऊन पाच मिनिटे फक्त हेच पाहा: पांढरा रंग खरोखर पांढरा किती ठिकाणी आहे, आणि पापणीची कड कुठे ठळक आहे, कुठे विरून गेली आहे. चित्र पाहायला जाऊन एवढे एकच पाहून परतलात तरी फेरी वसूल झाली.

चेहरा थोडा वळलेला असला की लांबचा डोळा बिघडतो. – एक वाचक, वाडी

तिथे पाच भागांचा नियम सोडून द्या. चेहरा वळला की मधला अक्ष लांबच्या बाजूला सरकतो आणि कपाळ, नाक, हनुवटी यांवरून वाकत जातो. लांबचा डोळा अरुंद होतो, बुबुळ उभट लंबगोल होते, आणि पुष्कळदा आतला कोपरा नाकाच्या दांड्यामागे लपतो. तो कोपरा माहीत आहे म्हणून काढून ठेवू नका. दिसत नसेल तर नाही. लांबच्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि चेहऱ्याची कड यांत नवशिके हमखास जास्त जागा सोडतात. प्रत्यक्षात तिथे पेन्सिलीच्या टोकाएवढीच पट्टी उरते, कधी तीही नाही.

डोके खांद्याकडे कलले असेल तर डोळे, नाक, ओठ या सगळ्यांच्या रेघा कललेल्या अक्षाशी काटकोनात घ्या. डोके तिरके आणि डोळे मात्र जमिनीला समांतर, हे दर तिसऱ्या वहीत दिसते.

माझी नात साडेतीन वर्षांची आहे. तिचे चित्र काढते तर ती पंचवीस वर्षांची दिसते. – एक आजी, प्रतापनगर

आजी, मोठ्यांचे माप लहानाला घातले की असेच होते. एवढ्या मुलीची कवटी मोठी आणि जबडा लहान असतो, म्हणून डोळे अर्ध्याच्या खाली येतात. १५ सेंमीच्या डोक्यात ते ८.५ सेंमीच्या आसपास धरा. भुवई अर्ध्यावर येईल. बुबुळ या वयात जवळजवळ मोठ्यांएवढे झालेले असते आणि चेहरा लहान, म्हणून मुलांचे डोळे काळेभोर, भरलेले वाटतात. पांढरा भाग कमी दाखवा. नाकाचा दांडा चपटा, नाक आखूड, दोन डोळ्यांमधले अंतर एका डोळ्याहून थोडे जास्त. डोळ्यांखाली एकही रेघ नको. तुम्हाला तिथे सावली दिसली तरी बोटाने किंवा कापसाने पुसट फासा, रेघेने नको, कारण त्या एका रेघेत दहा वर्षे वाढतात. आणि ती झोपलेली असताना आधी नुसत्या मिटलेल्या पापण्यांचा सराव करा, ती हलणार नाही.

चष्मा आधी काढायचा की डोळे? – एक वाचक, अलकापुरी

आधी डोळे, मग चष्मा. जवळचे स्पष्ट आणि लांबचे धूसर दिसणाऱ्यांच्या, म्हणजे उणे नंबरच्या काचेतून डोळे लहान दिसतात आणि गालाची कड काचेत आत सरकलेली दिसते. ती तुटलेली कड धीटपणे दाखवा, नंबर तिथेच कळतो. अधिक नंबरात उलटे, डोळे मोठे.

यंदा घरी शाडूचा गणपती केला आहे, वीतभर उंचीचा. रंग झाला, पण डोळ्यांच्या आखणीला हात लावायची भीती वाटते. – एक वाचक, दांडिया बाजार

भीती रास्त आहे, मूर्तीत सगळे तिथे येऊन ठरते. मूर्ती पूर्ण सुकलेली आणि रंगाचा हात कोरडा असू द्या. पहिली अडचण अक्षाची. सोंड वळलेली असल्यामुळे तिच्या टोकावरून मध्य काढला तर डावा-उजवा डोळा हटकून सरकतो. मुकुटाच्या मध्यावरून दोऱ्याचा ओळंबा सोडा आणि कपाळावरचा गंधाचा मध्य व सोंडेचे मूळ एवढ्याच दोन जागा त्याच्याशी जुळवा. दुसरा दोरा एका कानाच्या वरच्या मुळापासून दुसऱ्यापर्यंत आडवा ताणून धरा. त्याच्यापासून दोन्ही डोळ्यांचे कोपरे सारखे खाली आहेत ना, हे कर्कटकाने मोजून एचबीचे बारीक ठिपके द्या.

आधी दोन्ही डोळ्यांत पांढरा भरून सुकू द्या. मग मूर्ती ज्या उंचीच्या चौरंगावर बसणार त्या उंचीवर ठेवा आणि जिथून आरती करणार तिथे उभे राहून बाहुल्यांची जागा पेन्सिलीने ठरवा. हातात घेऊन वरून पाहत बाहुल्या ठेवल्या तर चौरंगावर बसल्यावर नजर आढ्याकडे जाते.

ब्रश शून्य नंबरचा, टोक एकत्र येणारा. काळा रंग दुधाइतका पातळ करा आणि आधी नखावर एक रेघ ओढून पाहा. ती फुटली तर रंग घट्ट आहे, पसरली तर पाणी जास्त झाले. करंगळी मूर्तीच्या खांद्यावर टेकवा, हात अधांतरी ठेवू नका. आधी दोन्ही वरच्या रेघा, आतून बाहेर, आतल्या कोपऱ्यात बारीक आणि पुढे जाड होत जाणाऱ्या. मग दोन्ही खालच्या, बारीक. मग दोन्ही बुबुळे, पाठोपाठ, मध्ये ब्रश न धुता, म्हणजे काळेपणा सारखा येतो. भुवया त्यानंतर.

रेघ हुकली तर लगेच काडीला गुंडाळलेल्या, जेमतेम ओलसर कापसाने एकाच दिशेने उचलून घ्या. घासू नका, पाणी खाली मुरले तर शाडू फुगतो आणि रंगाची पापडी निघते. रेघ सुकली असेल तर पुसायच्या भानगडीत न पडता त्यावर पांढरा द्या, अर्धा तास थांबा आणि पुन्हा आखा. चमकेचे पांढरे ठिपके सर्वांत शेवटी. ब्रशने नव्हे, टाचणीच्या डोक्याने टेकवले तर दोन्ही एकाच मापाचे उठतात.